शोषण कमीत कमी

१४ डिसेंबर १९९८, सोमवार

वही नवी, पेन जुनं. रोज लिहीन असं नाही, लिहिण्यासारखं घडलं तरच लिहीन. तेहतीस वर्षं काच घासतोय, पण माझ्या सातपूरच्या शेडमध्ये मीठ घासायला घेऊन कुणी आलं ते आज पहिल्यांदाच.

आले ते ज्ञानेश साहेब. वय अठ्ठावीस, चार गल्ल्या सोडून जी लेझर कंपनी आहे तिथे इंजिनिअर. लोखंडी पत्रा कापायची यंत्रं बनवतात. रुमालातून एक लख्ख खडा काढला, खडीसाखरेचा थोरला भाऊ शोभेल असा. म्हणाले, "वाल्मीकराव, हे साधं मीठ आहे. एकसंध स्फटिक. याच्या खिडक्या करून हव्यात."

खिडकी म्हणजे चकती. व्यास तीस मिलिमीटर, जाडी पाच. यंत्रातून लेझरचा किरण जिथून बाहेर पडतो तिथे ती बसते. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, नुसती धग. साधी काच ती धग पिऊन टाकते आणि तडकते. मीठ मात्र तिला सरळ जाऊ देतं. मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली, निर्बंध आले, परदेशी खिडक्या यायच्या थांबल्या, म्हणून मिठाची आठवण झाली. खिडकीने किती धग प्यायली, म्हणजे शोषण किती, ते मोजायची यांची रीत अशी: एक मिनिट किरण सोडायचा आणि खिडकीच्या कडेला तापमापक लावायचा. दोन अंशांच्या आत तापली तर पास.

मी म्हटलं, दोन कशाला, एक धरा.

मग त्यांना माझी श्वासपरीक्षा दाखवली. पॉलिश झालेली काच तोंडाजवळ धरायची, पोटातून "हाऽ" करायचं आणि वाफ कशी विरते ते बघायचं. कडेकडून मध्याकडे, सारखी, तीन सेकंदांत विरली तर पॉलिश पक्कं. मध्ये कुठे रेंगाळली तर तिथे ओरखडा. हे कुठल्या पुस्तकात नाही. ज्ञानेश साहेबांनी ते डायरीत उतरवून घेतलं. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाचं इंजिनिअरने उतरवून घ्यावं!

फुलाबाई मध्येच म्हणाली, "भाऊ, पण मिठावर..." मी म्हटलं, "आधी साहेबांचं होऊ द्या." फुलाबाई माझ्याकडे अकरा वर्षं आहे. हात सोन्याचा, पण कधी बोलावं हे कळत नाही.

१७ डिसेंबर, गुरुवार

मिठाचा एकच वैरी, पाणी. त्याचा बंदोबस्त केला:

लोखंडी कपाटात चाळीसचा बल्ब लावला, खिडक्या त्यात राहतील. पाण्याचा माठ शेडबाहेर. चहा शेडबाहेर. घासताना पाण्याऐवजी स्पिरिट. बोटांना रबरी टोप्या. घाम येणाऱ्याने दहा मिनिटं बाहेर उभं राहायचं. हे नियम तक्त्यावर लिहून टांगले. हवेतला ओलावा मोजायचं घड्याळ आणून भिंतीला लावलं, आज ३१ टक्के. डिसेंबरातली नाशिकची हवा म्हणजे पापडासारखी कोरडी.

फुलाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् तोंड?"

मी म्हटलं, "तोंड बंद ठेवून काम करा, तेच बरं."

ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

२२ डिसेंबर, मंगळवार

पहिली खिडकी झाली. घासली फुलाबाईने, तपासली मी. दोनदा श्वासपरीक्षा, दोन्ही वेळा वाफ तीन सेकंदांत साफ. नंतर कोरड्या मलमलीने पुसली आणि कागदात गुंडाळली. कागदावर घासणाऱ्याचं नाव लिहायची माझी पद्धत आहे. जबाबदारी कळली पाहिजे.

संध्याकाळी निकाल आला, ४.१ अंश. नापास.

मोजण्यात चूक असावी.

२८ डिसेंबर, सोमवार

दुसरी खिडकी. या वेळी तपासणीत कसूर ठेवली नाही. पाच वेळा परीक्षा घेतली, दोन्ही बाजूंनी.

७.३.

मोजण्यात चूक नाही. ज्ञानेश साहेबांनी माझ्यासमोर मोजलं. कारणही सापडलं: फुलाबाई दुपारी जेवणाचा डबा नळावर धुते आणि तसेच ओलसर हात घेऊन येते. म्हणते पुसते. मी तिला लगेच मिठावरून काढून चष्म्याच्या काचांवर बसवलं.

"भाऊ, एक सांगू का?"

"हात पुसते हेच ना?"

"नाय, दुसरं."

"फुलाबाई, साहेबांसमोर मान खाली गेलीय माझी. आता सांगू नका, काम करा."

ती चष्म्याच्या काचांकडे गेली. जाताना टोप्या काढून माझ्या टेबलावर नीट ओळीने ठेवल्या. दहा.

३१ डिसेंबर, गुरुवार

तिसरी खिडकी मी स्वतः घासली, एकट्याने. तीन दिवस लागले. बोट कुठे लागू दिलं नाही. पहाटे फार गार असतं, त्यामुळे वाफ अशी सुरेख बसते की बघत राहावं. नऊ वेळा परीक्षा घेतली. शेवटच्या दोन खरं म्हणजे हौसेखातर.

२ जानेवारी १९९९, शनिवार

चाळिसाव्या सेकंदाला "टक" असा आवाज झाला. बारीकसा, सुपारी फोडल्यासारखा. तोवर १३.६ अंश झाले होते.

दोन तुकडे ज्ञानेश साहेबांनी माझ्या हातावर ठेवले. त्यांचे वरचे साहेब तिथेच उभे होते. म्हणाले, ३० जानेवारीला बारा खिडक्या द्या, सगळ्या दोनच्या आत. नाहीतर हे काम नाशिकबाहेर जाईल.

बारा! आणि मी नवी पाटी आधीच रंगवायला दिलेली.

४ जानेवारी, सोमवार

पाटी आली. पिवळ्यावर लाल:

वाल्मीक ऑप्टिकल वर्क्स. लेझर खिडक्यांचे तज्ज्ञ. आमच्या येथे शोषण कमीत कमी होते.

पेंटरला मजकूर मीच दिला होता. शुद्ध मराठी. दुपारपर्यंत शेजारच्या कारखान्यांतले सतरा कामगार येऊन वाचून गेले. युनियनचा एक पुढारी हात मिळवून म्हणाला, "मालक, एवढं खरं बोलणारा तुम्ही पहिलाच." मी त्याला उष्णतेचं शोषण समजावायला गेलो तर तो म्हणाला, "समजलं, समजलं. गरम झाल्याशिवाय थोडंच कळतं."

घरी, इंदिरानगरात, शेजारचे जयराम भेटले. "वाल्मीकराव, खिडक्यांचं काम सुरू केलंत म्हणे? आमच्या हॉलला सरकती करायचीय. जाळीसकट किती होतील?"

सौ. सुवर्णाला पाटीचा मजकूर वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे थोडं होतं, हे लिहून दिलंत तुम्ही. फुलाबाईंनी वाचलं का?"

फुलाबाईने वाचलं होतं. काही बोलली नाही. नेमकी बोलायला हवी तेव्हा बोलत नाही.

उजवी खालची दाढ ठणकते आहे.

६ जानेवारी, बुधवार

दाढ काढली. तोंडात कापसाचे बोळे, गाल दुधीभोपळ्याएवढा. डॉक्टरांनी दोन दिवस तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. चौथी खिडकी अर्धी घासून पडली होती. फुलाबाईला खुणेनेच सांगितलं की ही तुम्ही पुरी करा आणि पाठवा. तिने मान डोलावली. माझी परीक्षा राहिली, त्यामुळे या खिडकीची मी जबाबदारी घेत नाही.

ती खिडकीशी अगदी गप्प बसून काम करत होती. नाकातोंडाला पदर बांधून. स्पिरिटचा वास सोसत नसावा.

८ जानेवारी, शुक्रवार

१.२!!

ज्ञानेश साहेबांनी तीनदा मोजलं. मला कापसातून ओरडताही येईना. लगेच शोध सुरू केला. या खिडकीच्या बाबतीत वेगळं काय घडलं? स्पिरिट तेच, पावडर तीच, कपाट तेच. मग फुलाबाई म्हणाली की कागद संपला होता, म्हणून तिने खिडकी आपल्या स्टीलच्या डब्यात मलमलीवर ठेवून पाठवली.

स्टीलचा डबा! पुठ्ठा आणि कागद हवेतला ओलावा धरून ठेवतात. किती साधी गोष्ट, आणि पंधरा-पंधरा वर्षं शिकलेल्यांच्या लक्षात आली नाही. मी कागदावर लिहून दाखवलं: "कारण सापडलं. डबा."

फुलाबाईने वाचलं, माझ्या गालाकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, डबा नसंल वो. तुमची दाढ..."

मी हाताने खूण केली की दाढ बरी आहे, काळजी नको. मायाळू बाई आहे तशी.

९ जानेवारी, शनिवार

भांडीबाजारातून झाकणाचे बारा डबे आणले. दुकानदाराने विचारलं, बारशाला का?

१३ जानेवारी, बुधवार

तोंड उघडलं. तीन खिडक्या मी घासल्या. प्रत्येकीची चार-चार वेळा परीक्षा घेऊन स्टीलच्या डब्यांत घातल्या.

६.०. ६.८. ५.९.

फुलाबाईचा डबा दुसऱ्या कंपनीचा आहे. उद्या तिच्याकडून मागून घ्यावा का?

सतरा दिवस उरले. पाटी उतरवायची झाली तर रंगवलेली बाजू भिंतीकडे करून ठेवता येईल.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

हे लिहायचं नव्हतं. पण दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही, असं मीच ठरवलेलं.

सासूबाई, आक्काबाई, मखमलाबादहून आल्या. वय चौऱ्याहत्तर. जन्म सगळा भाजीच्या आणि झेंडूच्या वाफ्यात गेला. येताना टोपलीभर लिंबं आणली आणि तिळगूळ खाऊन होताच लोणचं घालायला बसल्या. सुवर्णा फोडी करत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या खिडक्यांची हकिगत सांगू लागलो. आपल्या माणसांत बोललं की मन हलकं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, बरणीवर बोलू नका. तिकडं तोंड करा."

"का?"

"मिठाला वाफ लागती. पानी सुटतं. लोनचं भरताना बाई बोलत नसती."

मला हसू आलं. खिशात एक नापास खिडकी होती. म्हटलं, बघा, हेही मीठच आहे. आणि त्यांच्यासमोर ती तोंडाजवळ धरून "हाऽ" केलं. वाफ बसली, तीन सेकंदांत विरली. "बघितलंत? एवढी वाफ सोडली, पण राहिली का? गेली."

सासूबाईंनी चष्मा वर केला. "कुठं गेली?"

"हवेत."

"कशावरनं? मीठ प्यालं आसंल."

सुवर्णा सुरी ठेवून माझ्याकडे बघत होती. मी सासूबाईंना बाष्पीभवन समजावलं. अकरा मिनिटं समजावलं. त्या मीठ मोजत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "तिळगूळ घेतला न्हवं? ग्वाड बोला. पर तिकडं तोंड करून."

१५ जानेवारी, शुक्रवार

शिक्षण नसलं की माणूस अनुभवाला शास्त्र समजतो. सासूबाईंचं वय बघता मी वाद वाढवला नाही.

१६ जानेवारी, शनिवार

हवेत गेली हे मी कशावरून म्हणतो? दिसेनाशी झाली यावरून. पण साखरही पाण्यात दिसेनाशी होते.

१७ जानेवारी, रविवार

या वहीची मागची पानं चाळली. परीक्षा दोनदा: ४.१. चारदा: सहाच्या आसपास. पाचदा: ७.३. नऊदा: तडकली. दाढ काढली होती तेव्हा एकदाही नाही: १.२.

मी सगळे आकडे इतके काटेकोर लिहून ठेवले नसते तर बरं झालं असतं.

सासूबाईंचं म्हणणं खोटं पाडायचं तर प्रयोग करूनच पाडलं पाहिजे. सहा खिडक्या घेतो. तिघींवर "हाऽ", तिघींवर नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

सहाही खिडक्या घेऊन स्वतः गेलो. कुठल्या कुठल्या ते ज्ञानेश साहेबांना सांगितलं नाही.

हाऽ: ५.७, ६.१, ६.४.

बिनहाऽ: १.१, १.३, १.२.

ज्ञानेश साहेब उडालेच. "वाल्मीकराव, या तिघींना काय केलंत?" खरं तर या तिघींना काहीच केलं नव्हतं. मी म्हटलं, "पद्धत सुधारली. धंद्याचं गुपित आहे." ते डायरी काढून उभे होते. मी दोन्ही हात खिशात घातले.

शेडवर परतलो. फुलाबाई चष्म्याच्या काचा घासत होती. तिच्यासमोर त्या दहा टोप्या ठेवल्या.

"फुलाबाई, मिठावर या. श्वासपरीक्षा बंद."

"तेच सांगत व्हते."

"कधी?"

"पयल्या दिशी. मग हात धुन्यावरनं बोलला तेव्हा. मग तुमची दाढ काढली तेव्हा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीठ हाय ना ते, भाऊ."

मी नियमांचा तक्ता उतरवून पुन्हा लिहिला. नियम पहिला: काम करताना सर्वांनी नाकातोंडाला फडके बांधावे. याला "वाल्मीक कोरडी पद्धत" असं नाव दिलं आहे. सासूबाईंचंही नाव घालावं असं एकदा मनात आलं होतं, पण तक्त्यावर जागा उरली नाही.

२८ जानेवारी, गुरुवार

बारा खिडक्या पुऱ्या. पाच माझ्या, सात फुलाबाईच्या. दिवसभर फडकं बांधून बसतो. बोलता येत नाही. आठवडाभरात शेडमध्ये इतकं काम झालं की तेवढं गेल्या सहा महिन्यांत झालं नव्हतं. हा योगायोग असावा.

प्रत्येक डब्यावर घासणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून पोचवल्या.

३० जानेवारी, शनिवार

दुपारी सव्वातीनला फोन आला. फुलाबाई समोरच होती.

ज्ञानेश साहेब म्हणाले, "वाल्मीकराव, अकरा पास. सगळ्या दीडच्या आत. पण एक गेली. ६.२."

"कुठली?"

"सात नंबर. चिठ्ठीवर फुलाबाई असं नाव आहे. साहेब इथेच आहेत. ते म्हणतात, एकीला माफ करू, काम तुमच्याचकडे राहील. पण त्या बाईला यावर ठेवू नका."

मी फुलाबाईकडे पाहिलं. फडक्यातून तिचे नुसते डोळे दिसत होते. रिसीव्हरमधला आवाज मोठा आहे, तिला ऐकू गेलं होतं. ती टोप्या काढू लागली. एक, दोन.

मी विचारलं, "डबा उघडल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. थेट यंत्रावर. फक्त सातवर तुमची परीक्षा घेऊन बघितली."

"माझी?"

"हाऽ केलं ना! चार वेळा. तुम्ही शिकवलीत तशीच. डायरीत आहे माझ्या. वाफ एकदम सारखी विरली हो, म्हणून तर कळेना की..."



खरं सांगायचं तर मनात दोन वाक्यं तयार होती. एक: "बरं, बघतो." एवढं म्हटलं असतं तर पाटीही राहिली असती आणि परीक्षाही. आणि तेहतीस वर्षं कुणी मला चूक म्हटलेलं नाही. निदान मला ऐकू येईल असं नाही. फुलाबाईची तिसरी टोपी निघाली.

मी फडकं खाली केलं आणि दुसरं वाक्य बोललो. "ज्ञानेश साहेब, ती परीक्षा काचेसाठी आहे. मिठाला ती मारते. वाफ हवेत जात नाही, मीठ पितं, आणि मग ते पाणी तुमची धग पितं. शिकवणारा चुकला."

"पण शिकवली तर तुम्ही..."

"हो. मीच. साहेबांना फोन द्या, त्यांनाही सांगतो. फुलाबाईची खिडकी चोख होती. पहिल्या सगळ्या खिडक्याही मीच तोंडाने खराब केल्या. डायरीतलं ते पान खोडा."

मोठे साहेब फोनवर आले. त्यांनाही सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून अवघड असतं. मग ते हसले की खोकले ते कळलं नाही. म्हणाले, "सातवीला पुन्हा पॉलिश मारून द्या. आणि पुढच्या वीस."

रिसीव्हर ठेवला. फुलाबाई अजून तशीच उभी. मग तिने फडकं खाली ओढलं आणि म्हणाली, "भाऊ..."

आता मात्र मी तोडलं नाही. दीड महिन्यात बाई चौथ्यांदा, कदाचित दहाव्यांदा, काही सांगायला आली होती. मी खुर्चीवर नीट बसलो, हात मांडीवर घेतले. "बोला फुलाबाई. सगळं बोला. मी ऐकतोय."

ती जरा गोंधळली. "काय नाय वो. च्या ठिवलाय भायेर. गार व्हतोय म्हनलं."

बाहेर पाटीखाली दोन कप ठेवलेले होते. गार कसला, कढत होता. मी कप उचलला, फुंकर मारायला तोंड उघडलं, आणि आधी आजूबाजूला बघून घेतलं.